भूतानमधील शिक्षक दांपत्याचे रोजचे जगणे : एकच शाळा, एकच घर

खडूधारी (धाग्याचे लेखन)

भूतानबद्दल कोणी विचारले की प्रश्न दोनच असतात : डोंगर किती सुंदर आहेत, आणि तिथली माणसे खरोखरच सुखी आहेत का. फेब्रुवारी १९९५ ते डिसेंबर २००४ अशी जवळजवळ दहा वर्षे मी आणि माझी पत्नी पूर्व भूतानमधील त्राशिगांग जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत शिकवत होतो, मी गणित आणि ती रसायनशास्त्र. या काळात आमचा मंगळवार कसा जात असे, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. म्हणून आज त्या मंगळवाराबद्दलच लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ साली सुरू झाली, त्याच सुमारास रस्ते बांधण्यास आरंभ झाला आणि शाळाही वाढू लागल्या. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरल्यामुळे आणि प्रशिक्षित भूतानी शिक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असल्यामुळे बाहेरून शिक्षक आणावे लागले. त्यांत बहुसंख्य भारतीय होते आणि भारतीयांत केरळी मंडळी सर्वांत जास्त. फादर विल्यम मॅकी या कॅनडाच्या जेझुइट धर्मगुरूंनी १९६३ पासून पूर्व भूतानमध्ये शाळा उभ्या केल्या, आणि आम्ही पोहोचलो त्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यामुळे आमच्या शिक्षकखोलीत ज्येष्ठांच्या तोंडी कितीतरी दिवस त्यांचाच विषय होता. मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

आता दिवस. भूतानचे घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे आहे, त्यामुळे सकाळी शाळेची घंटा होई तेव्हा आमच्या घरची माणसे पहिला चहा घेत असत. प्रार्थनेसाठी मैदानावर रांगा लागत. घो घातलेले मुलगे, किरा नेसलेल्या मुली, विद्येची देवता जाम्पेलयांग, म्हणजे मंजुश्री, हिची स्तुती, नंतर राष्ट्रगीत आणि मग एखाद्या विद्यार्थ्याचे छोटे भाषण. तिथे आदराने बोलायचे म्हणजे वाक्याच्या शेवटी 'ला' लावायचा. त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी 'सर ला' झालो आणि पत्नी 'मॅडम ला' झाली. हा 'ला' पुढे आमच्याही जिभेवर असा बसला की सुट्टीत घरी आल्यावर मी किराणा दुकानदाराला "द्या ला" म्हणालो होतो.

आमचे क्वार्टर शाळेच्या मुख्य इमारतीपासून सत्तर पावलांवर होते. मी ती मोजलेली आहेत. परदेशात राहण्याची खरी अडचण परकेपणाची असेल असे आम्ही धरून चाललो होतो, परंतु अडचण निघाली ती या सत्तर पावलांची. नोकरी करणारी माणसे घरी येतात तेव्हा वाटेत कुठेतरी नोकरीचा माणूस गळून पडतो आणि घरचा माणूस सुरू होतो. आमच्या बाबतीत सत्तर पावलांत ते जमत नसे. शाळेत मी पत्नीला चारचौघांसमोर 'मॅडम' म्हणत असे, आणि मग रात्री जेवताना "मॅडम, मीठ कुठे आहे?" असे तोंडातून जाई. गावात मिरच्या घ्यायला गेलो तर विकणारी बाई एखाद्या विद्यार्थ्याची आई असे आणि पैसे घेण्यापूर्वी मुलाच्या गणिताची चौकशी करी. रविवारी कपडे वाळत घालताना वसतिगृहातील मुले कठड्याशी उभी राहून शंका विचारत. मुख्याध्यापकांशी सकाळी वाद झाला तर संध्याकाळी तेच मुख्याध्यापक आमच्याकडे टॉर्चचे सेल मागायला येत, आणि दोघांनाही सकाळचा वाद झालाच नाही असे वागावे लागे.

त्यातल्या त्यात एक सोय होती. क्वार्टरच्या लाकडी भिंतींतून शेजाऱ्यांचा खोकलाही ऐकू येत असला, तरी मराठी कोणालाच कळत नसे. सर्वांच्या देखत, सर्वांच्या कानांवर पडेल अशा आवाजात, आम्ही निःसंकोच भांडू शकत होतो. मराठी ही आमची एकमेव खाजगी खोली होती. हिंदीत भांडण्याचा मात्र उपयोग नव्हता, कारण व्हीसीआरवर हिंदी चित्रपट पाहून पाहून तिथली मुले हिंदी आमच्याइतकीच समजत. २ जून १९९९ रोजी देशात दूरचित्रवाणी सुरू झाली, पण त्यापूर्वीही नायक-नायिकांचे संवाद त्यांना तोंडपाठ होते.

वर्गातील एक गोष्ट सांगतो. आमच्या पुस्तकांत भारतीय धाटणीची उदाहरणे भरपूर असत. १२० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर १८० मीटर लांबीचा फलाट ओलांडण्यास तिला किती वेळ लागेल? भूतानमध्ये आगगाडी नाही. मुले पाठ केलेल्या रीतीने उत्तर काढत, २० सेकंद, आणि ते बरोबर असे. एके दिवशी सातवीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर ला, ओलांडायचा आहे फलाट, मग गाडीची लांबी त्यात का मिळवायची?" मी फळ्यावर दोनदा आकृती काढली आणि दोनदा त्याने मान हलवली, पण ती समजल्याची मान नव्हती. तिसऱ्या वेळी मी वर्ग खाली नदीवरच्या झुलत्या पुलाशी नेला. पंचवीस मुलांनी एकामागे एक उभे राहून पुढच्याच्या घोवरचा केरा, म्हणजे कमरेचा पट्टा, धरला. पहिल्या मुलाचे पाऊल पुलावर पडताच घड्याळ सुरू केले. पहिला मुलगा पलीकडच्या काठावर पोहोचून हात वर करून "झाले!" म्हणून ओरडला, तेव्हा मागची सोळा-सतरा मुले अजून पुलावरच हिंदकळत होती. प्रश्न विचारणारा मुलगा रांगेत शेवटचा होता. तो पुलाच्या मध्यावरून ओरडला, "नाही झाले सर ला, मी अजून इथे आहे!" त्यानंतर मला काहीही शिकवावे लागले नाही.

विचारायचे असेल ते विचारावे. पत्नीही या संकेतस्थळाची सदस्य आहे, त्यामुळे माझ्या आठवणी तपासून घेतल्या जातील याची खात्री बाळगावी.

---

पारोची_वाट

उत्तम धागा. मी पश्चिम भागात, पारो खोऱ्यात, चार वर्षे एकटीच शिकवत होते आणि माझे यजमान भारतात होते, त्यामुळे दांपत्याच्या अडचणी मला ठाऊक नाहीत, एकटेपणाच्या ठाऊक आहेत. आमच्याकडे पर्यटक, विमानतळ आणि थिंफूची जवळीक असल्यामुळे पूर्वेइतका एकाकीपणा नव्हता.

एक गंमत मात्र सर्वांच्या वाट्याला आली असेल. भूतानमध्ये शिक्षकदिन २ मे रोजी, तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या जयंतीला असतो. मुले त्या दिवशी गाणी म्हणत, आम्हांला बसवून ठेवून स्वतः सगळी कामे करत. आणि माझ्या घरून फोन यायचा ५ सप्टेंबरला, ऐन तासाच्या वेळी, आणि "आज काय समारंभ केला?" असे विचारले जायचे. वर्षातून दोन शिक्षकदिन असूनही दोन्ही वेळी शुभेच्छा देणारे आणि समारंभ यांची गाठ पडली नाही.

आणखी एक आठवण खाण्याच्या आग्रहाची. कोणी काही खायला पुढे केले की लगेच घ्यायचे नसते. हाताने तोंड झाकून "मेशु, मेशु" म्हणायचे, समोरचा पुन्हा आग्रह करणार, आपण पुन्हा नकार देणार आणि मग घेणार. आपल्याकडच्या "नको, नको, आत्ताच जेवून आले"चे हे सख्खे भावंडच आहे, त्यामुळे मराठी माणसाला तिथे वेगळे शिकावे लागत नाही. आमच्या शाळेतील एका युरोपीय स्वयंसेविकेला मात्र पहिल्याच नकारानंतर ताट मागे घेण्याची सवय होती. तिच्या घरून तीन पाहुणे उपाशी परतले, तेव्हा कोणीतरी तिला बाजूला घेऊन समजावले.

---

परीक्षानळी

मीच ती तपासणारी. यांच्या लेखनात खोटे काही नाही, परंतु गाळलेले बरेच आहे.

पहिली गोष्ट, आम्ही दोघे 'शिकवायला' गेलो हे दुसऱ्या वर्षापासून खरे. निवड यांची झाली होती. मी सोबत गेले होते. तेव्हा माझी एम.एस्सी., बी.एड. कागदपत्रे पेटीच्या तळाशी होती. पहिले वर्ष मी घरात काढले, मग एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी तात्पुरती रुजू झाले, आणि त्यानंतर स्वतंत्र करार मिळाला. जोडप्याने जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे की दोघांचे करार वेगळे असतात, त्यांच्या मुदती वेगळ्या असतात आणि नूतनीकरणाची पत्रेही वेगवेगळी येतात. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

दुसरी गोष्ट, सत्तर पावले दोघांनाही सारखीच असली, तरी ती चालून आल्यावर एक जण वह्या तपासायला बसत असे आणि दुसरी बुखारी पेटवायला. बुखारी म्हणजे खोलीतली लाकडांची लोखंडी शेगडी. हे लाकूड फोडत असत, हे मान्य करते. फोडून झाल्यावर त्याबद्दल बोलतही असत.

तिसरी गोष्ट मला खरोखर सांगायची आहे. आमची शाळा सुमारे १९०० मीटर उंचीवर होती. नववीच्या वर्गात पाण्याचा उत्कलनबिंदू मोजण्याचा साधा प्रयोग मी पहिल्यांदा घेतला, तेव्हा प्रत्येक गटाचा तापमापक ९३ ते ९४ अंशांवर थांबला. त्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे तेच व्हायला हवे होते. वह्या तपासायला घेतल्या तर बत्तीस वह्यांत १०० अंश लिहिलेले. मी एका मुलीला उभे केले आणि विचारले, "तुला तापमापकावर १०० दिसले का?" ती म्हणाली, "नाही मॅडम ला, तापमापक बिघडलेला आहे." मी विचारले, "आठही तापमापक?" ती जरा थांबली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "पुस्तक कसे चुकेल मॅडम ला?"

पुस्तक चुकलेले नव्हते; ते समुद्रसपाटीवर बसून लिहिलेले होते, एवढेच. पण बाहेरून आलेल्या शिक्षकाने सांगितलेले आणि बाहेरून आलेल्या पुस्तकात छापलेले, हे स्वतःच्या डोळ्यांपेक्षा खरे मानायची सवय त्या मुलांना आम्हीच लावलेली होती, हे मला त्या दिवशी टोचले. मी त्यांना घरी नेले. सत्तर पावलेच होती. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत ठेवली आणि शेजारी कुकर लावला. कुकरमधली डाळ शिजून आम्ही ती खाल्ली, तरी पातेल्यातली कच्चीच होती. त्या आठवड्यात बत्तीस वह्यांपैकी एकतीस वह्यांत ९३ किंवा ९४ आले. बत्तिसावीने ९३ लिहून कंसात "पण परीक्षेत १००" असे लिहिले होते. बारावीची परीक्षा तेव्हा दिल्लीच्या मंडळाची असे, त्यामुळे तिचेही चुकले असे मला म्हणवत नाही.

---

स्पष्टवक्ता

लेखन चांगले आहे, पण मनात आलेला प्रश्न विचारतो, राग मानू नये. आपल्याकडील दुर्गम भागातही शाळा आहेत आणि तिथेही शिक्षक नाहीत. परदेशातील मुलांना शिकवण्याची जी तळमळ इथे दिसते ती आपल्या मुलांसाठी का दिसली नाही?

---

खडूधारी

राग अजिबात नाही. हा प्रश्न माझ्या वडिलांनीही विचारला होता. उत्तर असे की आम्ही तळमळीने गेलो नव्हतो. मी एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत साडेतीन वर्षे होतो. सही एका आकड्यावर करावी लागे आणि हातात दुसराच पडे, आणि अनुदान पुढच्या वर्षी येणार हे वाक्य दर वर्षी नव्याने सांगितले जाई. भूतानमध्ये पगार वेळेवर मिळत होता, क्वार्टर मिळत होते आणि ङुल्त्रुम या तिथल्या चलनाचा दर भारतीय रुपयाइतकाच असल्यामुळे हिशेब सोपा होता. आम्ही पगारासाठी गेलो. मुले आवडली ती नंतर, आणि तीही सगळी नव्हे.

सेवाभावाची झूल पांघरलेले काही सहकारी आम्ही तिथे पाहिले. ते लवकर थकत, कारण आपल्या त्यागाची कोणी नोंद घेत नाही असे त्यांना सतत वाटे. नोकरी म्हणून आलेला माणूस निदान सकाळी वेळेवर वर्गात जातो.

---

मुक्काम_पोस्ट

मी या धाग्यातील तिसऱ्या प्रकारचा माणूस आहे : अशाच शिक्षक दांपत्याचा मुलगा. माझे आईवडील मोंगार जिल्ह्यात शिकवत होते आणि मी सातवीपर्यंत तिथे शिकलो.

आई माझी वर्गशिक्षिका होती. घरी 'आई' आणि वर्गात 'मॅडम ला' हा बदल मला जमत असे, पण उलटा बदल आईला जमत नसे. गृहपाठ केला नाही तर वर्गात शिक्षा होई आणि घरी पुन्हा होई, कारण घरी तिला वर्गशिक्षिकेकडून तक्रार आलेली असे. एकदा मी तिला म्हणालो की माझ्या पालकांना शाळेत बोलावून घ्या, तेव्हा ती हसली आणि ती शिक्षा माफ झाली.

शेजारच्या मुलांशी मी शारचोप ही पूर्वेकडची बोली बोलत असे, शाळेत इंग्रजी आणि राष्ट्रभाषा जोंगखा आणि घरात मराठी. लिहिण्यापुरती मराठी मला आजोबांच्या पत्रांतून आली. ते दर पंधरवड्याला पत्र पाठवत आणि शेवटी तीन कठीण शब्द देऊन त्यांचा वाक्यांत उपयोग करून परत पाठवायला सांगत. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता बंद झाला की तीन पत्रे एकदम येत आणि नऊ शब्द साचत. 'दरड' हा शब्द त्यांनी कधी दिला नाही. तो मला आपोआप आला.

महाराष्ट्रात परतल्यावर आठवीत बसलो तेव्हा सर्वांत अवघड गेला तो इतिहास. झाबद्रुंग ङवांग नामग्याल १६१६ साली तिबेटातून आले आणि त्यांनी भूतान एक केले, ही माझी इतिहासाची सुरुवात होती. वर्गातील इतर मुलांना गड-किल्ल्यांची नावे पाळण्यातच मिळालेली होती. मग एका सहलीत पहिल्यांदा गडावर चढलो, वरचे बुरूज आणि खालची दरी पाहिली, आणि मनात आले की हा तर झोंगच आहे, फक्त आत भिक्षू राहत नाहीत. झोंग म्हणजे तिथला किल्ला, मठ आणि कचेरी एकाच तटबंदीच्या आत. हे मी सरांना सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे : आपल्याला मुले होती का, आणि ती तिथेच शिकली का?

---

परीक्षानळी

एक मुलगी, तिथेच जन्मलेली. परतलो तेव्हा ती सात वर्षांची होती, त्यामुळे तुमच्या आईसारखी वर्गात शिक्षा करण्याची संधी मला मिळाली नाही. ती मला मात्र 'मॅडम ला' म्हणत असे, घरीसुद्धा, कारण आजूबाजूचे सर्व जण मला तेच म्हणत. 'आई' हे माझे खाजगी नाव आहे हे तिला पटवायला वेळ लागला.

---

दोन_बॅगा

सर्वांचे आभार, कारण हा धागा माझ्यासाठीच निघाला आहे असे वाटते. मी आणि माझे यजमान दोघेही शिक्षक आहोत आणि भूतानमध्ये जाण्याचा गांभीर्याने विचार करत आहोत. तीन प्रश्न आहेत. सुट्टीत घरी येणे-जाणे कितपत सोपे आहे? दोघांना एकाच शाळेत नेमणूक मिळावी म्हणून आग्रह धरावा का? आणि सोबत काय न्यावे?

---

खडूधारी

पहिल्या प्रश्नाबद्दल. शाळेचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. आम्ही १७ डिसेंबरचा राष्ट्रीय दिन आटोपून निघत असू. त्राशिगांगपासून दक्षिण सीमेवरच्या सामद्रुप जोंगखारपर्यंत रस्ता १८० किलोमीटर. पण डोंगरातले किलोमीटर वेगळे असतात, त्याला अख्खा दिवस लागे. मग आसामात उतरून रंगिया किंवा गुवाहाटीला रेल्वे आणि पुढे मुंबईपर्यंत दोन-अडीच दिवस. त्या काळी आसामात बंद पुकारला गेला की सीमेवरच अडकून पडावे लागे, म्हणून आम्ही परतीच्या तारखेत चार दिवस जास्त धरत असू.

सर्वांत वाईट प्रवास २००३ सालचा. दक्षिण भूतानच्या जंगलांत उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातील सशस्त्र फुटीर संघटनांनी तळ ठोकले होते आणि १५ डिसेंबर २००३ रोजी भूतानच्या सैन्याने त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. दक्षिणेचा रस्ता धरण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. मग पूर्वेहून पश्चिमेकडे, थ्रुमशिंग ला या सुमारे ३,७८० मीटर उंचीच्या खिंडीतून, थिंफूपर्यंतचे साधारण साडेपाचशे किलोमीटर आणि तिथून भारताच्या सीमेवरचे फुंत्शोलिंग असा उलटा फेरा घेतला. खिंडीत बर्फ होता. चालकाने सर्व पुरुषांना उतरवून चाकांपुढे माती टाकायला लावली आणि आम्ही ती हातांनी टाकली. मुलगी खिडकीतून ओरडून सूचना देत होती. घरी पोहोचलो तेव्हा सुट्टीचे नऊ दिवस संपलेले होते. आता परिस्थिती वेगळी आहे. त्राशिगांगजवळ योंगफुला इथे २०११ पासून देशांतर्गत विमानतळही झाला आहे.

दुसऱ्या प्रश्नावर आमच्या घरात एकमत नाही. मी म्हणतो, आग्रह धरावा. एकाच देशात पण दोन दिवसांच्या अंतरावर नेमणुका मिळालेली जोडपी आम्ही पाहिली आहेत आणि त्यांना हिवाळ्याच्या सुट्टीपलीकडे एकमेकांचे तोंड दिसत नसे. पत्नीचे मत तिने स्वतः मांडावे.

---

परीक्षानळी

एकाच गावात असावे, पण शक्य असेल तर वेगवेगळ्या शाळांत. एकाच शाळेत असलात की तुम्ही दोन शिक्षक राहत नाही, एक जोडपे होता. बैठकीत मी विरोधी मत दिले की सर्वांची मान यांच्याकडे वळे, आणि यांनी काही सुचवले की ते मीच घरून शिकवून पाठवले असे मानले जाई. यातली दुसरी समजूत पुष्कळदा बरोबरही होती, ही गोष्ट वेगळी.

मघाशी करारांचा मुद्दा अर्धवट सोडला होता, तो पूर्ण करते. भूतानने साम्त्से आणि पारो इथे स्वतःच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्था फार पूर्वीच उभ्या केल्या होत्या आणि तिथून दर वर्षी पदवीधर शिक्षक बाहेर पडत होते. भूतानी शिक्षक उपलब्ध झाला की परदेशी शिक्षकाचा करार पुढे वाढत नाही. हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते आणि त्यात गैर काहीच नाही. २००४ च्या पावसाळ्यानंतर यांच्या कराराची मुदत एका वर्षाने वाढल्याचे पत्र आले. माझे आले नाही. रसायनशास्त्राला शिक्षिका मिळाली होती.

ती फेब्रुवारीत रुजू होणार होती, पण क्वार्टर पाहायला नोव्हेंबरातच आली. मी दार उघडले, तर समोर तीच मुलगी, आठ तापमापक बिघडल्याचे सांगणारी. खांद्याला पिशवी, किरा नेसलेली, हातात अंडी. आधी तिने घर पाहिले, मग बुखारी आणि मग स्वयंपाकघरात कुकरकडे बोट दाखवून विचारले, "हा तोच का मॅडम ला?"

खरे सांगायचे तर मला आनंद झाला असे म्हणणे अपुरे होईल. त्या रात्री मी यांच्याशी बोलले नाही. माझी जागा जाणार हे मला मान्य होते. ती जागा घेणारी मीच तयार केली होती हेही मला मान्य होते, पण या दोन गोष्टी एकाच दिवशी स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या राहतील असे वाटले नव्हते. यांनी आपली वाढीव मुदत नाकारली. मी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. सत्तर पावले चालून कार्यालयात गेले आणि परत आले.

---

खडूधारी

एवढे मी लिहिले नसते. पण तिने लिहिलेच आहे तर एक भर घालतो : मी नकाराचे पत्र दिले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला कारण विचारले आणि मी 'कौटुंबिक' असे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्याकडे दुसरे कुठले कारण असूच शकत नाही."

---

दोन_बॅगा

वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. तरीही तिसरा प्रश्न पुन्हा विचारते, कारण आमच्या बॅगा खरोखरच दोन आहेत.

---

परीक्षानळी

गरम कपडे तिथेच घ्यावेत, तिथल्या थंडीला तिथलेच बरे. औषधे, मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या साक्षांकित प्रती न्याव्यात. बोलायला मराठी असतेच. वाचायलाही थोडी न्यावी. मसाले जपून न्यावेत, पण लाल मिरची नेऊ नये. तिथे ऑक्टोबरात घरांच्या छपरांवर मिरच्याच वाळत असतात आणि मिरची हीच भाजी आहे.

कुकर मात्र विसरू नये. आमचा पाच लिटरचा कुकर तिने ठेवून घेतला. मी त्याच्यासोबतच्या दोन नव्या रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून तिला दिल्या, कारण तिथल्या बाजारात त्या मापाच्या मिळत नव्हत्या. पुढच्या वर्षी तिचे पत्र आले. त्यात नव्या वर्गाने तापमान किती लिहिले ते होते, तेरा जणांनी १००, आणि खाली, रिंग पाठवता येईल का, असे विचारलेले होते. म्हणून तुम्ही किमान चार न्या.